पाणलोटातील शाळा : चेसापीक परिसरातील प्रत्यक्षानुभवी पर्यावरण शिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील चेसापीक हे जलाशयाचे नाव इंग्रजी नकाशात 'बे' या शब्दासह छापलेले असते आणि पाठ्यपुस्तकी मराठीत त्याचे भाषांतर 'उपसागर' असे होते. कोकणातील माणसाने तो पाहिल्यास त्याला 'खाडी' हाच शब्द सुचेल आणि शास्त्रीय दृष्ट्याही तोच अधिक योग्य आहे. नद्यांचे गोडे पाणी व भरतीचे खारे पाणी जेथे मिसळते असा हा सुमारे ३२० किलोमीटर लांबीचा जलविस्तार आहे. त्याची सरासरी खोली मात्र साडेसहा मीटरच्या आसपास, म्हणजे एखाद्या दुमजली घराइतकीच आहे. या उथळ पाण्यात सुमारे १,६६,००० चौरस किलोमीटर भूमीवरचे पाणी येऊन पडते. न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, डेलावेअर, व्हर्जिनिया व वेस्ट व्हर्जिनिया ही सहा राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टनचा जिल्हा यांचा कमीअधिक भाग या पाणलोट क्षेत्रात मोडतो. पाणी थोडे आणि त्याला मिळणारी जमीन अफाट, हे प्रमाण लक्षात घेतल्याशिवाय येथील पर्यावरण शिक्षणाचा इतिहास उलगडत नाही. खाडी बिघडते ती काठावरच्या माणसांमुळे जितकी, तितकीच ती कधीही न पाहिलेल्या माणसांमुळे. त्यामुळे शिक्षण कोणाला द्यायचे, हा प्रश्न या ठिकाणी आरंभापासूनच भूगोलाचा प्रश्न ठरला.

प्रस्तुत लेखात १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सुमारे पन्नास वर्षांच्या कालखंडातील या शिक्षणप्रयत्नांचा मागोवा घेतला आहे. वर्गाबाहेर नेऊन, पाण्यात उतरवून, हाताने मोजमाप करावयास लावून शालेय विद्यार्थ्यांना नदी व खाडी शिकविण्याची ही पद्धती स्वयंसेवी उपक्रमातून आंतरराज्य करारात आणि करारातून शासकीय अनुदानात कशी पोहोचली, आणि त्या प्रवासात तिचे काय झाले, हा येथील मुख्य प्रश्न आहे.

पूर्वपीठिका

निसर्ग निसर्गातच शिकवावा, हा विचार अमेरिकेत नवा नव्हता. प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी १८७३ च्या उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील पेनिकीज या छोट्या बेटावर सुमारे पन्नास शिक्षक-शिक्षिकांसाठी एक उन्हाळी शाळा भरविली. पुस्तक मिटून समोरचा जीव पाहावा, एवढाच तिचा अभ्यासक्रम म्हणता येईल. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अगासी निवर्तले आणि पुढील उन्हाळ्यानंतर ती शाळा बंद पडली. परंतु किनारा हीच प्रयोगशाळा ही कल्पना मागे राहिली. १८९० च्या दशकात शेतीतील मंदीने न्यूयॉर्क राज्यातील तरुण शहरांकडे जाऊ लागले. तेव्हा ग्रामीण मुलांच्या मनात आपल्या परिसराविषयी ओढ निर्माण करावी म्हणून कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली व ॲना बॉट्सफर्ड कॉम्स्टॉक यांनी 'निसर्गाभ्यासा'ची चळवळ उभी केली. कॉम्स्टॉक यांचे निसर्गाभ्यासाचे मार्गदर्शक पुस्तक १९११ मध्ये प्रसिद्ध झाले. या चळवळीचा भर कुतूहल व सहानुभूती यांवर होता. प्रदूषण हा तिचा विषय नव्हता.

'पर्यावरण शिक्षण' ही संज्ञा रुजली ती त्यानंतर अर्ध्या शतकाने. मिशिगन विद्यापीठाचे विल्यम स्टॅप यांनी १९६९ मध्ये तिची व्याख्या मांडली. त्या व्याख्येत परिसराची माहिती, त्यातील समस्यांची जाण आणि त्या सोडविण्याची प्रेरणा अशा तिन्ही गोष्टी होत्या. ३० ऑक्टोबर १९७० रोजी अमेरिकेत राष्ट्रीय पर्यावरण शिक्षण कायदा झाला. पुढे १९७५ मध्ये बेलग्रेड व १९७७ मध्ये तिबिलिसी येथे युनेस्कोच्या पुढाकाराने भरलेल्या परिषदांनी या विचाराला आंतरराष्ट्रीय मान्यता दिली. अमेरिकेतील तो कायदा मात्र फार टिकला नाही. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याची यंत्रणा गुंडाळली गेली आणि नवा कायदा येण्यास १९९० उजाडले. राष्ट्रीय पातळीवरील ही पोकळी लक्षात घेतल्यास चेसापीक परिसरातील स्थानिक प्रयत्नांचे महत्त्व अधिक स्पष्ट होते.

वादळ, गाळ आणि पहिल्या सहली

१९६७ मध्ये चेसापीक बे फाउंडेशन ही स्वयंसेवी संस्था स्थापन झाली. पाच वर्षांनी, जून १९७२ मध्ये, ॲग्नेस या उष्णकटिबंधीय वादळाने सस्क्वेहाना नदीच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस पाडला. पुराबरोबर आलेल्या गाळाखाली खाडीतील पाणगवताची कुरणे गाडली गेली. खेकड्यांची पिल्ले याच कुरणांत वाढतात आणि पाणी निवळ ठेवण्याचे कामही तीच करतात. कुरणे आधीपासूनच खंगत होती. वादळाने ते सर्वांच्या डोळ्यांसमोर आणले. कालवांची स्थिती याहून वाईट होती. पूर्ण वाढ झालेले एक कालव अनुकूल स्थितीत दिवसाला सुमारे १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकते. परंतु अतिउपसा, रोग व गाळ यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीस कालवांची संख्या पूर्वीच्या एक-दोन टक्क्यांवर आली होती.

फाउंडेशनने १९७३ मध्ये शिक्षण कार्यक्रम सुरू केला तो या पार्श्वभूमीवर. शाळेतील मुलांना डोंगीतून खाडीच्या फाट्यांत नेणे, खाजणातल्या गुडघाभर चिखलातून चालविणे, जाळे ओढून त्यात काय आले ते मोजून पुन्हा सोडून देणे, असे त्याचे स्वरूप होते. पुढे खाडीतील बेटांवर निवासी केंद्रे उभी राहिली. व्हर्जिनियाच्या हद्दीतील फॉक्स बेटावरील जुने शिकारी विश्रामगृह, टँजिअर बेटाशेजारचे पोर्ट आयसोबेल आणि मेरीलँडमधील स्मिथ बेटावरचे टायलर्टन ही त्यांतील प्रमुख होत. तेथे दोन-तीन दिवस राहणाऱ्या मुलांना पिण्याचे पाणी जपून वापरावे लागे आणि आपला कचरा आपणच आवरावा लागे. शिक्षणशास्त्राच्या परिभाषेत यास काहीही नाव दिले तरी मुलांच्या दृष्टीने ती पहिली खरी शिकवण असे.

मोजमापाची साधने साधी होती, आणि हेच त्यांचे बलस्थान होते. सेकी तबकडी हे त्याचे उत्तम उदाहरण. इटालियन खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये वापरात आणलेली ही तबकडी दोरीला बांधून पाण्यात सोडावयाची आणि ती दिसेनाशी होईल ती खोली टिपावयाची. सातवीतल्या मुलालाही हे जमते. त्यानंतर पाण्यात विरघळलेला प्राणवायू, क्षारता, तापमान अशी मापने येतात आणि आकड्यांची साखळी जुळू लागते. शेतातील खत, जनावरांचे शेण व शहरांचे सांडपाणी यांतून नत्र व स्फुरद पाण्यात येतात. त्यावर शेवाळ माजते. ते मरून तळाशी कुजते. कुजताना प्राणवायू संपतो आणि उन्हाळ्यात खाडीच्या खोल भागात जिवंत काही उरत नाही. ही कार्यकारणमालिका पुस्तकात चार ओळींची आहे. तळाच्या पाण्याचा नमुना वर काढून त्यातील प्राणवायू जवळजवळ शून्य आहे हे स्वतः पाहिलेल्या विद्यार्थ्याला तिचा अर्थ वेगळ्या प्रकारे कळतो.

येथे एका राजकारणी गृहस्थाचा उल्लेख अप्रस्तुत ठरणार नाही. मेरीलँडच्या विधिमंडळाचे सदस्य बर्नी फाउलर यांना आपल्या तरुणपणी पटक्सेंट नदीत छातीभर पाण्यात उभे राहून स्वतःची पावले दिसत असत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात नदीतील सांडपाण्यावरून दक्षिण मेरीलँडच्या परगण्यांनी राज्य व केंद्र शासनाविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, त्यात त्यांचा पुढाकार होता. १९८८ पासून ते दर जूनमध्ये पांढरे कॅनव्हासचे बूट घालून लोकांसह नदीत उतरू लागले आणि बूट दिसेनासे झाले की तेथवरची खोली पट्टीने मोजू लागले. या मापाला लोक 'स्नीकर निर्देशांक' म्हणू लागले. हा निर्देशांक कोणत्याही शासकीय अहवालाचा आधार झाला नाही; पण नदीचे आरोग्य कोणालाही मोजता येते, हे त्याने जितके पटवून दिले तितके अहवालांनी दिले नसावे. फाउलर २०२१ मध्ये निवर्तले.

मिशिगनमधील समांतर प्रयोग

याच सुमारास चेसापीकपासून दूर मिशिगन राज्यातील ॲन आर्बर येथे एक वेगळी घटना घडली. १९८४ मध्ये ह्यूरॉन नदीत वाऱ्याच्या फळ्यांवर खेळणाऱ्या काही शालेय विद्यार्थ्यांना कावीळ झाली. विल्यम स्टॅप यांच्या साहाय्याने तेथील विद्यार्थ्यांनी नदीच्या पाण्याची तपासणी हाती घेतली. त्यातून नऊ कसोट्यांवर आधारलेली जलगुणवत्ता तपासणीची शालेय पद्धती आकारास आली, १९८७ मध्ये ती रूज नदीच्या खोऱ्यातील शाळांपर्यंत पोहोचली आणि पुढे 'ग्रीन' या नावाने तिचे आंतरराष्ट्रीय जाळे झाले. हा प्रयोग व चेसापीकमधील सहली यांत एक फरक आहे. सहलीत मूल दुसऱ्याच्या खाडीत पाहुणे म्हणून जाते; ह्यूरॉनच्या काठी मूल स्वतःच्या आजाराचे कारण शोधत होते. पाणलोट शिक्षणाच्या पुढील वाटचालीत या दोन प्रेरणा एकत्र आलेल्या दिसतात, पण त्यांचा सांधा कायम ढिलाच राहिला.

करारातील एक ओळ

सेनेटर चार्ल्स मॅथायस यांच्या प्रयत्नांतून संघीय पर्यावरण संरक्षण संस्थेने १९७६ मध्ये खाडीचा अभ्यास सुरू केला. सुमारे २ कोटी ७० लाख डॉलर खर्चून झालेल्या या अभ्यासाने अतिपोषण हे ऱ्हासाचे प्रमुख कारण असल्याचे दाखविले. ९ डिसेंबर १९८३ रोजी मेरीलँड, व्हर्जिनिया, पेनसिल्व्हेनिया, राजधानी जिल्हा, संघीय पर्यावरण संस्था व चेसापीक बे आयोग यांनी पहिल्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. तो जेमतेम एका पानाचा होता. १९८७ च्या दुसऱ्या कराराने नत्र व स्फुरद २००० सालापर्यंत ४० टक्क्यांनी कमी करण्याचे उद्दिष्ट ठेवले. शिक्षणाच्या दृष्टीने निर्णायक ठरला तो २८ जून २००० चा 'चेसापीक २०००' करार. २००५ मध्ये शालान्त होणाऱ्या तुकडीपासून पुढे, पाणलोट क्षेत्रातील प्रत्येक विद्यार्थ्याला शालेय शिक्षण संपण्यापूर्वी खाडीचा किंवा ओढ्याचा अर्थपूर्ण प्रत्यक्षानुभव द्यावा, असे वचन त्यात होते.

'किंवा ओढ्याचा' हे दोन शब्द सहज नजरेतून सुटतात, परंतु या इतिहासातील सर्वांत दूरगामी बदल त्यांतच दडलेला आहे. खाडीत येणाऱ्या गोड्या पाण्यापैकी सुमारे निम्मे एकट्या सस्क्वेहाना नदीतून येते आणि तिच्या खोऱ्याचा मोठा भाग पेनसिल्व्हेनियात आहे. त्या राज्याला खाडीचा किनारा मात्र नाही. लँकेस्टर परगण्यातील दूधदुभत्याच्या शेतांवरचे शेणखत ज्या ओढ्यात उतरते, त्याच्या काठच्या मुलाला दीडशे किलोमीटर दूरच्या खेकड्यांचे प्रेम शिकविणे अवघड आहे. स्वतःच्या ओढ्याविषयी शिकविणे शक्य आहे. किनाऱ्याचे शिक्षण पाणलोटाचे झाले ते या ठिकाणी. पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये 'पर्यावरण व परिसंस्था' या विषयाचे शैक्षणिक निकष स्वीकारले, त्यांतील पहिलेच प्रकरण पाणलोट व पाणथळ जमिनी यांचे आहे.

वचन दिल्यावर 'अर्थपूर्ण' म्हणजे काय, हे ठरविणे भाग पडले. करारानंतर तयार झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हा अनुभव शोधप्रधान असावा, नेहमीच्या अध्यापनाचा भाग असावा, एका दिवसापुरता नसावा आणि त्यात पूर्वतयारी, कृती व नंतरचे चिंतन असे टप्पे असावेत. यासाठी २००२ मध्ये संघीय सागरी व वायुमंडलीय प्रशासनाने, म्हणजे 'नोआ'ने, अनुदानाची योजना सुरू केली. तिच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून 'बी-वेट' असा शब्द होतो, ज्याचा अर्थ 'ओले व्हा'. सरकारी योजनेच्या नावात एवढा विनोद क्वचितच सापडतो. योजनेचा विस्तार लवकरच कॅलिफोर्निया व हवाई येथे आणि नंतर इतर किनारी प्रदेशांत व पंचमहासरोवरांच्या परिसरात झाला. विद्यार्थ्यांइतकेच शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पैसे देणे हा तिचा सर्वांत दूरदर्शी भाग मानावा लागेल. कारण सहल घडविणारी संस्था वर्षातून एकदा येते, शिक्षक रोज असतो.

परीक्षेशी स्पर्धा

ज्या वर्षी हे अनुदान सुरू झाले, त्याच वर्षाच्या जानेवारीत 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' या संघीय शिक्षण कायद्यावर राष्ट्राध्यक्षांची स्वाक्षरी झाली. वाचन व गणित यांच्या वार्षिक चाचण्यांवर शाळांचे भवितव्य अवलंबून राहू लागल्यावर चाचणीत नसलेल्या गोष्टींचा वेळ आकसत गेला. ओढ्यावर जाणे ही त्यांपैकी एक. या कायद्याच्या नावावर कोटी करणारे 'नो चाइल्ड लेफ्ट इनसाइड' हे विधेयक मेरीलँडचे प्रतिनिधी जॉन सार्बेन्स यांनी मांडले. सप्टेंबर २००८ मध्ये ते प्रतिनिधिगृहात संमत झाले, सेनेटमध्ये मात्र अडकले. अखेर २०१५ च्या नव्या शिक्षण कायद्यात पर्यावरण शिक्षणाला अनुदानास पात्र ठरविण्यात आले. दरम्यान मेरीलँडने आपला मार्ग स्वतः काढला होता. २०११ मध्ये पर्यावरण साक्षरता ही शालान्त होण्याची अट करणारे ते अमेरिकेतील पहिले राज्य ठरले. तेथेही स्वतंत्र विषय न करता विद्यमान विषयांतच ती गुंफण्याची मुभा स्थानिक शिक्षण मंडळांना दिली गेली.

भारतीय अध्यापकास येथे २२ नोव्हेंबर १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा एम. सी. मेहता प्रकरणातील निर्णय आठवेल. त्या निर्णयाने व २००३ च्या डिसेंबरातील आदेशाने पर्यावरण शिक्षण आपल्याकडे सक्तीचे झाले. ते विषयाच्या, पाठ्यपुस्तकाच्या व प्रकल्पवहीच्या रूपाने. २००१-०२ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय हरित सेनेकडे प्रत्यक्ष कृतीची बाजू आली. चेसापीकमध्ये याच्या उलट घडले. तेथे अनुभव आधी बंधनकारक मानला गेला आणि विषय कोणता, हा प्रश्न मोकळा राहिला. न्यायालयाच्या आदेशाची पूर्तता पुस्तक छापून दाखविता येते; कराराने दिलेल्या अनुभवाची पूर्तता कशी मोजावी, याचे उत्तर तेथील शासनांनाही सहजासहजी सापडले नाही. १६ जून २०१४ च्या नव्या कराराने, ज्यात न्यूयॉर्क, डेलावेअर व वेस्ट व्हर्जिनिया हीही राज्ये पूर्ण भागीदार झाली, प्राथमिक, माध्यमिक व उच्च माध्यमिक अशा प्रत्येक टप्प्यावर किमान एक अनुभव असावा असे म्हटले. २०१५ पासून शिक्षण मंडळांकडून त्याची माहिती मागविली जाऊ लागली. परंतु ती मंडळांनी स्वेच्छेने व स्वतःच दिलेली माहिती असते. २००० सालचे 'प्रत्येक विद्यार्थी' हे शब्द आणि या प्रश्नावल्यांतील रकाने यांच्यात फार मोठे अंतर आहे, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. २०१७ मध्ये तर संघीय अंदाजपत्रकाच्या प्रस्तावात 'बी-वेट' योजनाच रद्द करण्याचे सुचविले गेले. काँग्रेसने ती त्या वेळी वाचविली.

बेटावरची माणसे

या सर्व वृत्तान्तात एक पक्ष बहुधा अबोल राहतो, तो खाडीवर पोट असणाऱ्या मच्छीमारांचा. टँजिअर व स्मिथ बेटांवरील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या खेकडे व कालवे काढून जगत आली. शहरी शाळांतील मुले ज्यांच्या शेजारी राहून खाडी शिकत, त्यांच्याच उपजीविकेवर येणाऱ्या निर्बंधांना फाउंडेशनचा पाठिंबा असे. १९९० च्या दशकात खेकड्यांच्या पकडीवरून दोहोंतील संबंध विशेष ताणले गेले. खाडीच्या दुर्दशेला वरच्या खोऱ्यातील शेते व शहरे अधिक जबाबदार असताना बंधने आपल्यावरच का, हा मच्छीमारांचा प्रश्न अनाठायी नव्हता. पाणलोटाची संकल्पना शिकविणाऱ्या अभ्यासक्रमाला खरे तर याहून चांगला पाठ मिळाला नसता. तरीही शैक्षणिक साहित्यात खेकड्याचे जीवनचक्र जितके सविस्तर येते, तितके त्याला पकडणाऱ्याचे येत नाही. पाण्याचा प्राणवायू मोजता येतो. हितसंबंधांचा कलह मोजण्याची तबकडी नाही, म्हणून तो सहलीच्या वेळापत्रकात बसत नाही.

बेटांचे दुखणे तेवढ्यावर संपत नाही. समुद्राची वाढती पातळी, खचणारी जमीन व लाटांची धूप यांमुळे खाडीतील अनेक बेटे नाहीशी झाली आहेत. मेरीलँडमधील हॉलंड बेटावरील वस्ती १९२० च्या सुमारास उठली आणि तेथे उरलेले अखेरचे घर ऑक्टोबर २०१० मध्ये पाण्यात कोसळले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात संघीय पर्यावरण संस्थेने खाडीत येणाऱ्या नत्र, स्फुरद व गाळ यांची कमाल मर्यादा ठरवून दिली आणि त्यासाठीच्या उपाययोजना २०२५ पर्यंत पूर्ण करण्यास सांगितले. ती मुदतही पाळली गेली नाही. फॉक्स बेटाची जमीन तर वर्षानुवर्षे झिजतच होती. भोवतालच्या ज्या खाजणांत मुले उतरत, ती पाण्याखाली जाऊ लागल्यावर आणि इमारतीला लाटांचा आडोसा न उरल्यावर, चाळीसहून अधिक वर्षे चाललेले तेथील केंद्र फाउंडेशनने २०१९ मध्ये बंद केले. पोर्ट आयसोबेल व टायलर्टन येथील केंद्रे मागे राहिली. त्या बेटांची जमीनही समुद्रसपाटीपासून जेमतेम मीटर-दीड मीटर उंच आहे.